हंचु

कल्लव्वाच्या भाषेत छपरावरच्या कौलाला हंचु म्हणतात.
एवढा एकच कन्नड शब्द मला येत होता,
कौलांच्या कारखान्यातनं ह्यांनी घरी आणलेला.
खानापुरातल्या माझ्या तिसऱ्या दिवशी
ती भिंतीपलीकडून ओरडली, हंचु कोडव्वा,
आणि मी अंगणातलं एक कौल उचलून नेऊन दिलं.
तिनं कौल बघितलं, मला बघितलं,
पिठाचे हात तसेच धरून
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.
तिला तवा पाहिजे होता.
तव्यालाही त्यांच्यात हंचुच.

मला राग आला होता, खोटं कशाला.
मग आठवलं, आमच्यात छपरावर असतं ते कौल
आणि देव देतो तोही कौलच.
तेव्हा हसायचं कुणी कुणाला.

माझा सगळा संसार एका गोणपाटात मावलेला:
तवा, लाटणं, सांडशी, झारा, तांब्या, दोन ताटं.
तांब्यात निखारे भरून ह्यांचा शर्ट इस्त्री केला
लेबर ऑफिसात जायचं होतं त्या दिवशी;
खिशावर एक करपलेला चंद्र उठला,
तो झाकायला ह्यांनी पेन लावलं
आणि साहेबानं विचारलं, शिकलायस किती?

नळाची चावी कुणीतरी नेली होती.
आमच्या ओळीचं पाणी सात वर्षं
माझ्या सांडशीनं सुटायचं.
पहाटे दार वाजलं की न बघता हात बाहेर काढायची,
सांडशी जायची, परत यायची, ओली.

लाटण्याचं मात्र सांगू नये.
भट्टीपुढं उभं राहून ह्यांचे तळपाय सुजायचे,
जेवण झालं की लाटणं पायाखाली घेऊन
मागं-पुढं, मागं-पुढं, डोळे मिटून.
मी काही बोलले नाही.
फक्त ते वर्षभर आमच्याकडं चपाती झाली नाही,
भाकरीच.

ग्रहण लागलं तेव्हा कल्लव्वा दार लावून बसली.
मी झारा उन्हात धरला.
उंबऱ्यावर तीसएक कोरा पडल्या, नखांएवढ्या.
फटीतून तिनं बघितलं,
मग थोडं दार उघडलं,
मग आपलाही झारा घेऊन आली.

भादव्यात माकडानं उडी मारली न् कौल गेलं,
नेमकं चुलीवरचं.
कारखान्यात लाखभर कौलं रचलेली,
पण गेटवर झडती.
मी पातेलं खाली ठेवून वर बघत बसलेली.
कल्लव्वा आत आली, वर बघितलं, म्हणाली,
हंचु ओडदैति? हंचु हाकु!
उखळ पालथं घालून त्यावर चढली
आणि आपला जुना तवा भोकावर सारून दिला.
रात्री पाऊस सगळीकडं पडत होता
आणि आमच्या चुलीवर वाजत होता.
फुटक्या कौलाचा मोठा तुकडा ती घेऊन गेली.
त्यावर तिनं रोटी भाजली, एक घरी पाठवली.
मातीचा वास येत होता.
चांगली होती.

शालनला मी अ शिकवला तो ताटातल्या पिठात.
शाळेत दुसरा अ होता,
शेपूट पोटात घेऊन झोपलेल्या मांजरासारखा.
तो मला येईना; कल्लव्वानं बोट धरून काढून दिला,
तिचं नाही, माझं.
एकाच ताटात दोन अ.
मग उशीर झाला, भूक लागलेली,
पाणी ओतलं, दोन्ही मळले.

आता स्लॅब पडलाय. कौलं उतरली, त्याबरोबर तवाही,
लाल, खरबरीत, कडेला शेवाळ.
मुकादम म्हणाला, भंगारात टाकू?
कल्लव्वा असती तर काय म्हणाली असती, कोण जाणे.
मी राखेनं घासला, तेल लावलं, चढवला.
पहिली भाकरी चिकटली.
दुसरी चिकटली.
तिसरी फुगली.