चार नग, शंभर पीसीडी

झाराप तिठ्याच्या अलीकडे, निळ्या ताडपत्रीखाली
माझी चाकं उभी असतात, गाडीविना.
गिऱ्हाईक आधी चकाकी बघतं.
मी हात आत घालतो,
रिमच्या पाठीला, जिथे कोणी धूत नाही.
तिथे मीठ सापडतं.
रात्रभर जेटीवर राहिलेली गाडी लपत नाही,
अलॉयच्या कातडीखाली पांढरे फोड उठतात
आणि वरून कितीही रंग मारा, परत येतात.

टायरच्या कुशीवर चार आकडे असतात.
३२१९ : एकोणीस सालचा बत्तिसावा आठवडा.
लोक पत्रिका बघतात, मी हे बघतो.
आतली कड खाल्लेली, म्हणजे अलाइनमेंटला पैसे नव्हते
किंवा होते आणि जीव नव्हता.
मधोमध गुळगुळीत, म्हणजे हवा जास्त, माणूस घाईतला.
खाचेत तांबडी माती, एकदा तर काजूची अख्खी बी.

खोटं मीही बोलतो.
"दहा हजारच पळलेत" म्हणतो, काळं पॉलिश फासतो.
फक्त फुगा आलेला टायर विकत नाही.
तो निवतीचे गाबीत नेतात, चाळीस रुपयांत,
होडीच्या बरगडीला बांधायला.
किती इंची, कुठल्या सालचा, काही विचारत नाहीत.

काल बस्त्याव डांटसचा धाकटा आला,
डिकीत चार अलॉय, गोधडीत गुंडाळलेले.
"लग्न ठरला. सासऱ्याची ढोपरां दुखतत, गाडी उंच होयी."
आणि न विचारताच : "नयीच असत. एकच हात."

तिसरं चाक उलटं केलं.
पाचव्या काडीवर नखाएवढा टवका, वर पुट्टी.
तो मी पाडलेला.
मालवणात, भरडावर, शीळ घालत रिव्हर्स घेताना,
कोणीतरी बघत होती म्हणून.
हीच चार माझ्या गाडीखालून काढून विकली
आणि त्या पैशांत ही ताडपत्री आली.

घासाघीस न करता अकरा मोजले.
पोरगा उलट हिरमुसला,
जास्त मागायला हवे होते, असं तोंड करून गेला.

संध्याकाळी ती पुढच्या रांगेत लावली.
ओरोसचा एक मास्तर वाकून बघत राहिला,
बोट नेमकं त्या टवक्यावर.
"किती हात फिरलेत?"

पुसायचं फडकं खिशात कोंबलं.
"एक तरी मला ठाऊक आहे," म्हटलं, "तेरा द्या."