नोंद क्रमांक ६१२

ट्रॅस्कॉट, एडमंड. ब्रिटिश आरमाराचा अ‍ॅडमिरल.
चरित्रकोशासाठी चारशे शब्द, शब्दाला साठ पैसे,
म्हणजे अख्खा माणूस दोनशे चाळीस रुपयांत,
चहापाणी त्यातच.

धंतोलीत मे महिना. कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
आणि मी त्याला बाराव्या वर्षी जहाजावर चढवते:
अंगात थोरल्या भावाचा कोट, बाह्या दुमडलेल्या.
पुढे वादळं, बढत्या,
डाव्या हाताची दोन बोटं गेली ती सकाळ,
जहाज शत्रूच्या हवाली केलं म्हणून खटला.
निर्दोष.
(तीन वर्षांचा खटला, साठ पैशांत.)

समुद्र मी पाहिलेला नाही.
रिक्षावाल्याला गमतीनं विचारलं, तर म्हणाला,
"समुद्र कायले पायजे बाप्पा, अंबाझरीले सोडू का?"

अडले नांगरापाशी.
आमच्याकडचा नांगर पुढे जातो,
मागे काळी माती उलथत राहते.
यांचा बुडतो, आणि सगळंच थांबवतो.
दोघांना एकच शब्द पुरवणारी भाषा
एकदा विचारायला हवी होती कुणाला तरी.

म्हणून अजनीला हर्णेकरांकडे गेले.
मालगाडीचे गार्ड, निवृत्त. वडील तांडेल होते.
डोलकाठी, परबाण, नाळ, सुकाणू,
एकेक शब्द हातावर ठेवत गेले
सुके बोंबील मोजून दिल्यासारखे.
"आणि वाराच नसला, जहाज जागच्या जागी,
तर काय म्हणायचं?"
"वारा पडला म्हणायचं."
संपादकांनी त्यावर लाल पेन्सिल फिरवली:
पडेल कसा? झाड पडतं.

मग तह झाला. अर्ध्या पगारावर घरी.
समुद्रापासून लांब, मेंढ्यांच्या गावात नऊ वर्षं.
पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपात मुलीनं लिहिलंय:
दर चार तासांनी बाबा उठायचे,
उरलेल्या बोटांतलं एक ओलं करून
खिडकीबाहेर धरायचे, म्हणायचे, "वायव्य,"
आणि झोपायचे.
आईनं कधी विचारलं नाही, वायव्य, तर मग काय.

एवढंच मी मनापासून उतरवलं होतं.
"हे कशाला? तारखा द्या."
चौतीस शब्द गेले,
वीस रुपये चाळीस पैसे.

त्या रात्री दोनला लाइन गेली.
कूलरचं पातं दोनदा अडखळलं, उभं राहिलं.
टाकीतून टपटप थोडा वेळ, मग तीही नाही.
गच्चीवर गेले. माठात बोट बुडवून वर धरलं.
झिरो माईलचा दगड इथून मैलभर,
कुठल्याही बाजूला निघा, किनारा लांबच.
बोट सगळीकडून सारखंच वाळलं.

शेजारच्या गच्चीवरून मुनघाटेकाकू:
"आली का वो लाइन?"
"नाही," म्हटलं.
"वारा पडलाय."