आवक क्रमांक ४१७-अ

नातवाने मोबाइलवरून तिकिटं काढून दिली,
नीलायमला, साडेतीनचा खेळ.
"राजकारणाचं आहे, तुम्हाला आवडेल," कुंदा म्हणाली.
छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला
राजकारण आवडतं, असा तिचा समज आहे.

पडद्यावर एक मुख्यमंत्री होता.
त्याला दिल्लीला जायचं होतं.
त्याला एक भाचा होता, भाच्याचा एक भूखंड,
आणि भूखंडावरच्या विहिरीत एक मेलेला इंजिनिअर.
सगळे अंधारात बोलायचे. गाडीत, जिन्यात,
एकदा तर देवघरात दिवा मालवून.
फाइल उघडली की ढोल वाजायचे.

फाइल उघडताना मी ऐकलेलं आहे:
नाडी सुटते,
कागद जरासा फुगतो,
एखादी टाचणी टेबलावर पडते.
बास.

मध्यंतरानंतर एक कारकून आला.
चार सेकंद. तोंडही नाही, नुसते हात.
त्याने वहीत काहीतरी लिहिलं
आणि कॅमेरा मुख्यमंत्र्याच्या मागे धावत गेला.
मी गेलो नाही. मी त्या हातांपाशी थांबलो.
थरथरत होते.

चूक आहे ते.
हात थरथरत नाही.
अक्षर उलट जास्त वळणदार येतं.

कौन्सिल हॉलच्या मागच्या बराकीत
माझं टेबल खिडकीला लागून होतं.
दर शनिवारी वही मिटताना
मी खाली दोन ओळी कोऱ्या सोडायचो.
असं कर, म्हणून कुणी लिहून दिलेलं नव्हतं.
आधीच्या माणसाने चार्ज देताना
किल्ली, गोंदाची बाटली आणि ही सवय दिली.

दुपारी तीनला सरवदेसाहेब आले, स्वतः, चालत.
"गोडांबे, चौदा तारखेला टेकडीबद्दल एक पत्र आलं होतं ना?"
त्या दिवशी सत्तावीस होती.
"आलं असेल, साहेब."
"असेल नको."
पंखा फिरत होता. समोर अर्धा कप चहा.
"आलं होतं, साहेब."
मग ते आलं होतं.

चारशे सतरा आणि चारशे अठराच्या मध्ये
चारशे सतरा-अ.
शाई मी दौतीच्या तळची घेतली, जुनी, फिकट.
ते मला कुणी सांगितलं नव्हतं.
ते माझं.

थिएटरात शेवटी सगळं उघडकीला आलं.
एका पोरीने टेप वाजवली, मुख्यमंत्री
जिन्यावरून एकेक पायरी उतरला, भाचा रडला.
मागच्या रांगेतल्या मुलांनी शिट्ट्या मारल्या.
कुंदाने पर्स शोधता शोधता विचारलं,
"तुमच्या ऑफिसात व्हायचं का हो असलं काही?"
"छे," मी म्हणालो,
"आमच्याकडे एवढा अंधार कुठे होता?
दोन-दोन ट्यूबलाइट होत्या."

आमचे नामदार अंथरुणात गेले, शहात्तराव्या वर्षी,
सुना-नातवंडं भोवती.
त्यांच्या नावाचा चौक आहे टेकडीच्या तोंडाशी.
रिक्षावाल्याला मी तोच सांगतो,
नाहीतर तो वारज्यावरून फिरवून आणतो.
तिथून चढाला लागलं की चौथी बिल्डिंग,
अकरावा मजला. मुलाने घेतला फ्लॅट,
कर्ज काढून, रीतसर, सगळे कागद चोख.
मीच तपासले होते.
परवानगीच्या यादीत तळाशी एक संदर्भ होता.
चष्मा काढून पुसला,
पुन्हा घातला, आणि म्हणालो, घे.

गॅलरीतून खाली दिवे दिसतात.
इथे पूर्वी मोर होते, असं वॉचमन सांगतो,
त्याच्या सासऱ्याने पाहिलेले.

रात्री दुधाची वही घेऊन बसलो.
आज शनिवार. दीड लिटर लिहिलं,
खाली दोन ओळी सोडल्या, वही मिटली.
कुंदा कधीपासून विचारतेय, या कशाला?
राहू देत, म्हणतो.
कुणाला कधी काय
आधीच घडलेलं हवं असेल.