दोनशे अकरा

जहाजातून उतरताना हेप्झिबाच्या पोटाशी होतं ते ताट,
घोंगडीत गुंडाळलेलं.
कथलाचं. काठावर पानांची वेल,
मागे दोन अक्षरं: एच. टी.,
इप्सविचच्या कुणा कारागिराने ठोकलेली.
वाटेत नऊ आठवडे. दोन मुलं समुद्राला दिली.
ताट पोचलं.

पहिल्या हिवाळ्यात त्यात वाढायला काही नव्हतं.
मग नदीपलीकडून एक बाई आली,
पाठीवर टोपली, टोपलीत मक्याचे निळे-तांबडे दाणे.
तिने ते ताटात ओतले, तेव्हा
या किनाऱ्यावर कथील पहिल्यांदा वाजलं.
बाईचं नाव कुणी विचारलं नाही.
विचारलं असेल, तर लिहिलं नाही.
नदीला मात्र तिच्याच लोकांनी दिलेलं नाव राहिलं.
पाणी जागच्या जागी ठेवून
माणसं हलवता येतात.

सासूकडून सुनेकडे, पाच पिढ्या.
राखेने घासून घासून वेल पुसट होत गेली.
रविवारी प्रार्थना आटपली की त्यात मांस,
एरवी फळीवर उभं, पाहुण्यांकडे तोंड करून.

सतराशे बाहत्तरला ओबेडाया ट्रेडवेल वारला
आणि पंच आले घर मोजायला.
तो कागद आहे अजून, शाई तपकिरी झालेली:
गाय, तांबडी, एक. चार पौंड.
कथलाची ताटं, सात. अठरा शिलिंग.
घड्याळ, बंद.
झिल्पा, वय अंदाजे एकोणीस. पस्तीस पौंड.
मधे एक रेघसुद्धा ओढलेली नाही.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये कमिटीचा माणूस आला,
घोडा पोटापर्यंत चिखलात.
शिसं हवं होतं. शिसं नसेल तर कथील.
तो दारातूनच बोलला: कर, राजा,
आणि त्या वर्षी ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला
तो शब्द, स्वातंत्र्य.
लंडनने गुलाम केलंय आपल्याला, म्हणाला,
आणखी किती दिवस सोसायचं?
झिल्पा त्याच्या घोड्याला पाणी दाखवत होती.
बोलून घसा सुकला तसा तोही प्याला,
आणि रिकामा डोण तिच्या हातात दिला
तिच्याकडे न बघता.

रात्री विधवेने फळीवरून ताटं उतरवली.
सायलेन्स तिचं नाव, बापाने ठेवलेलं. म्हणजे मौन.
वेलीचं ताट तिने जरा वेळ मांडीवर धरलं,
तापातल्या मुलाला धरावं तसं,
मग कढईत सोडलं.
आधी वेल गेली. मग अक्षरं.
एच. थोडा वेळ टिकली.

साचा धरायला दोन हात लागतात.
ते झिल्पाचे.
ओत. थांब. उघड. ठोक.
ओत. थांब. उघड.
एक थेंब मनगटावर उडाला.
दोघींपैकी कुणी हूं की चूं केलं नाही.

पहाटे मोजदाद. वहीत वळणदार अक्षर:
ताटं सात, गोळ्या दोनशे अकरा,
देणार सायलेन्स ट्रेडवेल.
खाली कमिटीची सही.

इथवर कागद. पुढचं मी सांगते,
कागद सांगत नाही.

झिल्पाही मोजत होती.
आकडे तिला कुणी शिकवले नव्हते,
पण अंडी, टाके, दिवस
ज्याला रोज मोजावे लागतात, त्याला वेगळं काय शिकवायचं?
तिची बेरीज एकाने जास्त होती.

ती एक कशासाठी, तिलाही सांगता आलं नसतं.
बंदूक नव्हती. कुणावर रोखायची, तेही ठरलं नव्हतं.
झग्याच्या काठात तिने ती शिवून टाकली
आणि उजाडताना दूध काढायला निघाली,
एका बाजूने काठ जरासा खाली ओढलेला.
पावलागणिक काहीतरी घोट्याला लागत होतं,
आधी थंडगार,
मग गोठ्यापर्यंत पोचेस्तोवर
तिच्याच अंगाइतकं कोमट.