तिकीट

मोहटोल्याच्या राईस मिलमागे, कोंड्याच्या खोलीत
माझं टेबल, लॅपटॉप, आणि टेबलाखाली बॅटरी,
जिला मिलवाले ताराचंदकाका
'देवांगनाची म्हैस' म्हणतात.

माझं काम त्यांना अजून नीट सांगता आलेलं नाही.
फायलींच्या जुन्या-नव्या रूपांची एक वही असते,
तिच्यात कधी फाईल नसतेच, नुसता पत्ता असतो.
मागितली की फाईल एचटीटीपीवरून यावी,
एक अक्षर न सांडता.
येते का, हे बघणारी मी.

आणि दूरचं त्यात काही नसतं.
दूरचा सर्व्हर मीच उभा करते, ह्याच यंत्राच्या एका कोपऱ्यात,
दुसऱ्या कोपऱ्यातून त्याला हाक मारते
मधे मुलूख असल्यासारखी.
बोडीच्या पाळीवर उभं राहून
पलीकडच्या झाडीला आपलंच नाव सांगायचो, तसं.

आहे ती फाईल मागून बघते.
नाही ती मागून बघते.
मागच्या महिन्यात आमच्या वहीनं काय केलं,
सर्व्हरनं 'सापडली नाही' लिहून दिलेला कागदच
फाईल म्हणून जपून ठेवला, तारखेसकट.
तो दोष काढला. मग सतरा दिवस सगळं हिरवं,
बांधीतल्या पऱ्ह्यासारखं,
डोळा ठरेल असं.

अठराव्या दिवशी मिलचा पट्टा तुटला.
काकांनी रेवनाथला पैसे दिले,
साकोलीला जा, बी अठ्ठ्याहत्तर आण.
तासाभरात रेवनाथ हजर, पट्टा खांद्यावर.
"कुठून आनलास?"
"साकोलीवून जी, आनखी कुठून?"
काकांनी पट्ट्यावर बोट फिरवलं.
बोटाला आमच्याच माळ्यावरची धूळ,
आमच्याच कोंड्याची.
"तिकीट दाखव."
रेवनाथनं सगळे खिसे उलटे केले,
शर्टाचा आधी, जिथं तिकीट कधीच नसतं.

सगळे हसले. मीही.
मग खोलीत येऊन
का कोण जाणे, सर्व्हर बंद केला
आणि चाचणी चालवली.

हिरवी.

सर्व्हर मेलेला, आणि फाईल आली म्हणे.
सतरा दिवस ती माळ्यावरचीच काढून देत होती,
पहिल्या दिवशी मीच हातानं ठेवलेली प्रत,
आणि मी दूरवरून आली म्हणून
टिकमार्क करत होते.

रात्री नव्यानं लिहिलं.
आधी जवळची प्रत पुसायची.
(हात थांबतो. दुसरी कुठेच नसली तर?)
मग मागायची.
मग सर्व्हरच्या रोजनिशीत शोधायचं,
खरंच कुणी आलं होतं का दाराशी, किती वाजता,
किती बाइट घेऊन गेलं.

लाल.
फाईलचं नाव 'धान भाव',
आणि मधल्या मोकळ्या जागेपाशी पत्ता तुटत होता,
सर्व्हरला नुसतं 'धान' ऐकू येत होतं,
तो प्रामाणिकपणे नाही म्हणत होता.
लाल बघून इतकं बरं
मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी रोजनिशीत एक ओळ पडली.
दोनशे. पुढे बाइटांचा आकडा.
बाहेर टॉवरचा लाल दिवा, एक टिटवी,
आणि माझ्याच यंत्रातून माझ्याच यंत्रात
काहीतरी पहिल्यांदा खरंच पोचलेलं.

सकाळच्या एसटीनं रेवनाथ साकोलीला गेला.
दुपारी उतरला तो तिकीट हातात धरूनच,
घामानं ओलं, पण अक्षर शाबूत.
कुणी मागायच्या आत काकांपुढे धरलं.
काकांनी तिकीट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं,
पट्टा चाकावर चढवायला घेतला.

चढेना.
बी शहात्तर.

"तिकीट तं खरं हाय जी," रेवनाथ म्हणाला.

मी खोलीत गेले,
चाचणीत आणखी एक ओळ वाढवायला.