देठासकट

बिराजदार वकील म्हणाले, अंबुबाई,
अपिलात वजनाचा मुद्दा पुढे ठेवू.
एकवीस किलो तीनशे ग्रॅम.
वीसच्या पुढे काटा गेला की दहा वर्षांखाली कुणी येऊ शकत नाही.
पण पंचनामा बघा:
पाला, देठ, बिया, सगळं एकत्र, गोणीसकट.
कायद्यात गांजा म्हणजे फुलाचा शेंडा.
नुसता पाला त्यात धरत नाहीत.

मी म्हटलं, ओ साहेब, हे मला शिकवू नका की.
एकेचाळीस वर्षं कारखान्यातून पानं मोजून आणते.
काटेवाला देठासकट मोजतो,
पानावर मारलेलं पाणीसुद्धा माझ्याच नावावर.
घरी येऊन शिरा काढायच्या, देठ उडवायचे,
कात्रीखाली सूपभर कचरा,
आणि विड्या हजारच्या हजार.
कमी पडल्या तर पानं पदरच्या पैशानं.
वर चेकर मूठभर उचलतो, म्हणतो, छाट.
त्याच्यावर अपील नाही.

वेणूचा टेम्पो बोरामणीच्या अलीकडे अडवला.
पंच दोन, दोघंही एकाच चहाच्या टपरीवरचे.
एक कोर्टात आला, म्हणाला,
सही माझी, बाकी माहीत नाही.
नमुना एका कागदावर मंगळवारी काढलाय,
दुसऱ्यावर गुरुवारी.
वकिलांनी तिथं लाल रेघ मारलीय.

निकाल सदुसष्ट पानी.
बोल्लींची मीनाक्षी संध्याकाळी वाचून दाखवते,
अडलं की तेलुगूत सांगते, तिथं तीही अडते.
अपिलाच्या शेवटी दोन मागण्या आहेत.
शिक्षा रद्द करून निर्दोष सोडावे.
पर्यायाने, शिक्षा कमी करावी.
पर्यायाने म्हणजे काय गं?
म्हणजे पहिलं देत नसाल तर दुसरं तरी द्या.
सणाला पोरं मागतात तसं.

गोणी एक रात्र आमच्या घरात होती,
पानांच्या गाठोड्यामागे.
तंबाखूच्या घरात दुसरा वास कुणाला येणार,
असं वेणूला वाटलं असेल.
माझं नाक जन्मभर तंबाखूत आहे.
म्हणूनच आला.
मी उठले, पाणी प्याले, परत झोपले.
सकाळी त्याला दोन भाकरी बांधून दिल्या.

अपील आता मुंबईला नाही, कोल्हापूरला.
तारीख पडायचीय.
साडेतीन वर्षं आत गेली, ती वजा होतात म्हणे.
दंडाचा लाख भरला नाही तर एक वर्ष वर.

परवा किराणावाल्याच्या काट्यावर
मी माझे देठ मोजले.
सातशे ग्रॅम पानांतून दोनशे ऐंशी.
तशीच चिठ्ठी घेऊन वकिलांकडे गेले.
आधी हसले.
मग चष्मा लावून आकडा वहीत लिहून घेतला,
खाली रेघ मारली,
म्हणाले, अजून काही सांगायचंय?

मी म्हटलं, नाही.