सांधेवाला

टार्टूच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टरबाई वडिलांपुढे चित्रं मांडतात.
हंस आणि छत्री. हे एकत्र.
थोड्या वेळाने, छत्री आणि किटली. हेही एकत्र.
चहा होतो, नर्स खिडकी लावून जाते,
मग त्या विचारतात, हंसाबरोबर कोण होतं?
छत्री, म्हणतात वडील, लगेच, शाळकरी पोरासारखं.
आणि छत्रीबरोबर?
किटलीसुद्धा.
मग हंसाचं नि किटलीचं काही नातं?
वडील चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात.
"त्यांची कधी गाठच पडलेली नाही, बाई."

अडतीस वर्षं टापा जंक्शनवर सांधेवाले होते ते.
नार्वाची मालगाडी इकडे, टार्टूची पॅसेंजर तिकडे.
दांडा ओढला की रूळ रुळाला भिडायचा,
तो आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचा.
आई म्हणायची, भिडला बघ,
आता बटाटे उकडायला ठेवते.

दोन वर्षांपूर्वी कपाळामागची एक शीर फुटली.
डबे सगळे शाबूत आहेत, डॉक्टरबाई म्हणाल्या,
बहुधा माझ्यासाठी सोपं करून,
एकातून दुसऱ्यात जायचं दार तेवढं उघडत नाही.
मी मान हलवली.
दार म्हणजे काय, ते मला गुरुवारी कळलं.

गुरुवारी मारेत येते.
फडक्यात गुंडाळलेला काळा पाव, शहाजिरं घातलेला, कोमट.
बत्तीस वर्षं येतेय.
बत्तीस वर्षं वडिलांनी त्यातला घास घेतला नाही.
दारातच घ्यायचे, खाली बघत आभार मानायचे,
आणि मारेत वळणाआड गेली की
आई तो मागच्या बाजूला कोंबड्यांना घालायची.
कारण मारेत ही यूलोची बहीण,
आणि त्या फेब्रुवारीत, उणे सव्वीसमध्ये,
यूलो दोन डब्यांच्या मधे उभा होता, जोडणीचा आकडा धरून,
तेव्हा दांडा वडिलांच्या हातात होता.
चौकशी झाली. कागदावर लिहिलं, बर्फ.
घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही.
पाव बोलायचा.

या गुरुवारी त्यांनी सुरी मागितली.
जाड तुकडा कापला, लोणी लावलं, खाल्ला,
मग दुसरा. मिशीत कण.
"मारेत, तुझ्या हाताला चव आहे गं."
ती उभीच, हातमोजे न काढता.
मी घाबरून विचारलं, बाबा, ही कोण?
"मारेत. यूलोची बहीण."
आणि यूलो?
"गेला बिचारा. दांडा मीच ओढला होता."
तेवढ्याच आवाजात.
आणि हात पुन्हा पावाकडे गेला.
सगळं होतं. एकही डबा घसरला नव्हता.
फक्त पावापासून त्या रात्रीपर्यंत रूळ जात नव्हता.

मारेत बसली. एकेक बोट सोडवत हातमोजे काढले.
आमच्या टेबलावर, स्वतःच्या पावाचा तुकडा,
पहिल्यांदाच खाल्ला तिने.
बोलली एवढंच, मीठ कमी पडलंय.

ती गेल्यावर मी भांडी विसळत होते.
बरं वाटलं का मला? वाटलं.
दुकानदाराने चुकून जास्त सुटे द्यावेत
आणि आपण गप्प राहावं, तसं.

तेवढ्यात वडील म्हणाले,
क्युल्ली, तुझे डोळे करडे आहेत.
मी थांबले. हे वाक्य मला पाठ आहे.
दर हिवाळ्यात, दुपारी तीनलाच दिवा लावताना म्हणायचे,
आणि पुढे लगेच, लेइदासारखे.
भिंतीवर आईचा फोटो. नळ सुरू.
ते पाव झाकून ठेवत होते.
विचारता आलं असतं, आईचे डोळे कसे होते?
करडे, म्हणाले असते, लगेच, शाळकरी पोरासारखं.
नाही विचारलं.

बाहेर संध्याकाळची पॅसेंजर टापात शिरत होती.
हल्ली सांधे विजेवर बदलतात, आवाज येत नाही.
तरी नळ बंद करून
मी जरा वेळ उभी राहिले.